साडेअठ्ठावन्न ग्रॅम मीठ

फेब्रुवारी लागला की समोरच्या इमारतीतल्या क्लासला जोर चढतो. कामोठ्यात आता वाण्याच्या दुकानांपेक्षा क्लास जास्त झालेत, तेव्हा घरासमोर क्लास असण्यात नवल काही नाही. पण हा नेमका माझ्या गॅलरीसमोर, माझ्याच मजल्यावर, आणि त्याच्या खिडक्या कायम उघड्या. खाली रिक्षावाले भाड्यावरून हुज्जत घालत असतात आणि वर संध्याकाळी पाचच्या सुमाराला तीस-चाळीस गळे एकदम सुरू होतात. सिक्स पॉइंट झीरो टू टू, इन्टू टेन रेज टू ट्वेन्टी थ्री. एकदा, दोनदा, दहादा. मी हातातला कप खाली ठेवते आणि गॅलरीत जाऊन उभी राहते. चहा गार होतोय असं सून आतून सांगते. होऊ दे. पुढची दहा मिनिटं मी कोणाच्या कामाची नसते हे तिला एव्हाना ठाऊक झालंय.

त्या पोरांना तो आकडा फक्त पाठ करायचाय. त्यांच्या तोंडांवर स्पष्ट दिसतं की कधी एकदा हे संपतंय आणि खाली जाऊन वडापाव खातोय. मला मात्र साठ-पासष्ट वर्षांनंतरही तो ऐकला की अंगावर काटा येतो. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, हा आकडा फळ्यावर हजारदा लिहिला, तरी त्याची सवय झाली नाही. एखाद्या गोष्टीची सवय न होणं हे मी माझं भाग्यच समजते.

आमच्या घरी परीक्षेचा मोसम आणि मिठाचा मोसम एकाच वेळी यायचा. थंडी ओसरली, ऊन कडक झालं, वारा सुटला की गव्हाणच्या बाजूच्या आमच्या मिठागरात मीठ धरू लागे, आणि नेमकी तेव्हाच शाळेत उजळणी सुरू होई. या दोन मोसमांत घरात कोणाला विचारलं जात असे हे सांगायला नको. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवायचं, उन्हात आटवायचं. वाफ्याची जमीन आधी पायांनी तुडवून तुडवून घट्ट केलेली असे, बायका-पुरुष रांगेनं, एका ठेक्यात. माझे पाय तेव्हाच जे राठ झाले ते आजतागायत राठ आहेत. नातसून त्यांना क्रीम लावायला सांगते, मी हो म्हणते आणि लावत नाही.

मी तेव्हा अकरावीत, म्हणजे त्या वेळच्या मॅट्रिकला होते. आठवडाभर पनवेलला आत्याकडे राहायचं आणि शनिवारी दुपारी एसटीनं, उरलेलं चालत, घरी यायचं. वर्गात आम्ही तीन मुली. तीन म्हणजे फार झाल्या असं काही मास्तरांचं मत होतं. शास्त्र शिकवणाऱ्या दातार सरांचं तसं नव्हतं. त्यांना मुलगा-मुलगी दिसतच नसे, त्यांना फक्त कोणाच्या कपाळाला आठी पडली आहे ते दिसे. आठी दिसली की ते खूश होत. ज्याला काही कळत नाही त्याला निदान प्रश्न तरी पडलाय, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या कपाळाला पहिली आठी पडली ती क्लोरीनवरून. सरांनी अणुभारांचा तक्ता भिंतीला लावला होता. अणू इतका बारीक की तो तराजूत घालता येत नाही, म्हणून एकाचं वजन धरून बाकीच्यांचं त्याच्या पटीत सांगायचं, हे मला लगेच पटलं होतं. वजन करायचं तर समोरच्या पारड्यात काहीतरी धरावंच लागतं. तेव्हा ऑक्सिजनला सोळा धरत. पुढे जगभरच्या शास्त्रज्ञांनी ठरवून कार्बनला बारा धरायला सुरुवात केली, आकडे केसभर हलले. तर सोडियम तेवीस, ठीक. लोखंड छप्पन, ठीक. आणि क्लोरीन साडेपस्तीस? हे अर्धं कुठून आलं? अणू तर फुटत नाही म्हणून आधल्याच आठवड्यात सांगितलं होतं. मी उभी राहिले आणि विचारलं. वर्ग हसला. सरांनी खडू खाली ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले की क्लोरीनचे अणू दोन तऱ्हांचे असतात, एक पस्तीसचा, एक सदतीसचा, आणि चार उचलले तर साधारण तीन हलके निघतात, एक जड. बेरीज करा, चारानं भागा.

मी तोंडी केलं. तीन पस्तीसे एकशे पाच, त्यात सदतीस, एकशे बेचाळीस. भागिले चार. साडेपस्तीस. मी बाकावर बसले आणि पुन्हा तक्त्याकडे बघितलं. म्हणजे तक्त्यातला तो आकडा एका अणूचा नव्हताच, तो साऱ्या जमावाचा होता. घरी जाऊन मी आईला सांगितलं. आई तांदळाच्या पिठात हात घालून बसली होती. ती म्हणाली की बरं झालं, आता भाकऱ्या थाप.

मग सरांनी ती बाटल्यांची कल्पना काढली. शाळा तपासायला साहेब यायचे होते आणि त्याच दिवशी पालकांनाही बोलावलं होतं. सर म्हणाले, आपण ग्रॅम-रेणूंची रांग मांडू. आज ज्याला मुलं मोल म्हणतात, त्याला आम्ही ग्रॅम-रेणू म्हणत असू. युक्ती साधी होती. पदार्थाच्या एका रेणूचा भार तक्त्यावरून काढायचा, आणि तेवढेच ग्रॅम मोजून बाटलीत भरायचे. पाण्याचे अठरा. गंधकाचे बत्तीस. लोखंडी खिळ्यांचे छप्पन. प्रत्येक बाटलीचं वजन वेगळं, पण आत कणांची संख्या अगदी सारखी. सहावर तेवीस शून्यं. सरांनी ती शून्यं फळ्यावर मांडली तेव्हा फळा पुरला, पण शेवटची दोन-तीन बारीक काढावी लागली.

हे ऐकून वर्गाला काय वाटलं कोण जाणे. मला असं झालं की कधी एकदा घरी जाते. कारण मिठाची बाटली माझ्या वाट्याला आली होती. मिठागरवाल्याच्या पोरीला मीठ, दुसरं काय मिळणार, असं मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं. तेवीस अधिक साडेपस्तीस, साडेअठ्ठावन्न ग्रॅम. शेजारच्या नसीमला साखर आली. तिला तीनशे बेचाळीस ग्रॅम भरावी लागणार होती, त्यासाठी तिनं घरून लोणच्याची रिकामी बरणी आणली. माझी बाटली जेमतेम औषधाची. मी कुरकुरले तेव्हा नसीम म्हणाली, "रडतेस कशाला? गिनती बराबर आहे ना?" तिला माझ्या आधी कळलं होतं, याचा मला थोडा राग आलाच.

आता यात माझं काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं, नाहीतर एका बाटलीसाठी म्हातारी इतकी काय उड्या मारतेय असं वाटेल. मला मॅट्रिकनंतर मुंबईला कॉलेजात जायचं होतं, शास्त्र शाखेला. सरांनी बाबांना तसं सांगितलंही होतं. आमच्या गावात तोवर एकही मुलगी मॅट्रिकच्या पुढे गेलेली नव्हती, आणि मिठागरात माणूसबळ कमी पडत होतं. बाबा नाही म्हणाले असते तर मी भांडले असते, रुसले असते, जेवण सोडलं असतं. पण बाबांनी नाही म्हटलंच नाही. बांधावर बसून, तंबाखू मळत, त्यांनी एवढंच सांगितलं.

"मना समजंल आसं सांग तू काय शिकतंस ते. समजलं तं पाठवीन. मना जे समजत नाय त्याच्यात पोरीला कशी ढकलू?"

हे नाही म्हणण्यापेक्षा अवघड होतं. बाबा पहिली-दुसरीपुढे शिकलेले नव्हते, पण त्यांना काहीही सांगून फसवता येत नसे. मी म्हटलं, शाळेत या, साहेब येणार त्या दिवशी, दाखवते.

त्या शनिवारी मी मीठ घ्यायला आले. बांधावर दोन राशी होत्या. एक गेल्या सालची, गवतानं शाकारलेली, पावसाळा काढलेली, वरून करडी पडलेली. दुसरी आत्ताची, वाफ्यातून आठ दिवसांत ओढलेली, उन्हात डोळे दिपतील इतकी पांढरी. बाबा म्हणाले, "जुन्या राशीतलं ने." मी हो म्हटलं. ते पाणी सोडायला पलीकडे गेले, आणि मी नव्या राशीतलं घेतलं.

का घेतलं? शेखी मिरवायला, दुसरं काही नाही. जुनं मीठ मळकट होतं. साऱ्या पनवेलसमोर, साहेबांसमोर आमचं मीठ ठेवायचं आणि ते मळकट? नव्या राशीतले खडे मोठे, चौकोनी, काचेसारखे. एकेक निवडून मी रुमालात बांधले. दुसऱ्या कोणाच्या वाट्याला मीठ आलं असतं तर त्यानं बाजारातून पुडी आणली असती आणि काही बिघडलं नसतं. ही चूक करायला मिठागरवाल्याचीच पोर हवी.

सोमवारी शाळेत वजन केलं. काचेच्या पेटीतला तराजू, पितळेची वजनं, ती बोटांनी उचलायची नाहीत, चिमट्यानं. दातार सर तराजूशी उभे राहिले की श्वास रोखून धरत, आणि त्यांचं बघून सारा वर्ग श्वास रोखून धरे. मी शेवटचा खडा फोडून त्याचा तुकडा टाकला, काटा हलला, हलला, आणि मधोमध थांबला. साडेअठ्ठावन्न. मी बाटलीला बूच लावलं, आणि चिठ्ठीवर माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं: मीठ, एक ग्रॅम-रेणू. त्या क्षणी माझ्या हातात सहावर तेवीस शून्यं इतक्या मिठाच्या जोड्या होत्या, एक सोडियम आणि एक क्लोरीन अशा. मी त्या मोजल्या नव्हत्या, तरी त्या मोजलेल्या होत्या. मिठागरावर टोपल्या मोजताना आमच्याकडे पहिलीला एक म्हणत नसत, लाभ म्हणत. लाभ, दोन, तीन. मी मनातल्या मनात त्या बाटलीला लाभ म्हटलं.

साहेबांचा दिवस उजाडला. साहेब आले, रांगेवरून चालत गेले, बाटल्या बघितल्या, छान आहे म्हणाले, चहा घेतला आणि गेले. माझ्या चिठ्ठीवरचं अक्षरसुद्धा त्यांनी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. मग दुपारी पालक आले. बाबा धुतलेला सदरा आणि धोतर घालून आले होते. आणि त्यांच्या मागून, कोणी बोलावलेलं नसताना, आई आली. तिला पनवेलच्या बाजारात आगोटीची सुकी मासळी घ्यायची होती, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, ती तिनं घेतलीही होती, आणि टोपली घेऊन ती शास्त्राच्या खोलीच्या दारात उभी राहिली. खोलीत गंधक, स्पिरिट आणि सुके बोंबील असा एक वास भरला. मला धरणी दुभंगावी असं झालं. लाज वाटायचं वय होतं ते, आता आठवलं की त्या लाजेचीच लाज वाटते.

मी बाबांना बाटल्या दाखवू लागले. सगळं पाठ करून ठेवलं होतं. अणू, रेणू, भार, संख्या. बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "येवढं दानं मोजलं कोनी? मी लाभ म्हनून मोजाया बसलो तं कवा सपंल?"

मी म्हटलं की मोजायचे नाहीत, वजन करायचं, वजनावरून संख्या कळते. बाबांनी माझी बाटली उचलली. ती त्यांनी आडवी केली, परत उभी केली. मीठ घरंगळलं नाही. ते काचेला चिकटून एका बाजूला राहिलं आणि मग सावकाश, ढेकळासारखं, खाली आलं. बाबांनी बाटली उजेडाकडे धरली.

"ह्यात पानी हाय," ते म्हणाले. आणि माझ्याकडे बघून, हळू आवाजात, "नवं घेतलंस."

मी बाटलीवरच्या चिठ्ठीकडे बघितलं.  खोटं बोलले होते ते उघडं पडलं होतं आणि चिठ्ठीवर माझ्याच अक्षरात आणखी एक खोटं लिहिलेलं होतं. मुंबई मला त्या क्षणी खाडीपलीकडे, खूप लांब गेलेली दिसली. नसीमनं माझा हात धरला. मी सरांकडे बघितलं, म्हटलं आता ओरडणार.

सर ओरडले नाहीत. त्यांचा चेहरा लहान पोराला जत्रा दिसावी तसा झाला होता. त्यांनी बाबांना विचारलं की तुम्हाला कसं कळलं. बाबा म्हणाले की नवं मीठ ओलं असतं, ते राशीला पडून राहिलं, निथळलं, म्हणजे मग खरं मीठ होतं. घेणाऱ्याला ते पांढरं दिसतं, पण त्यात लोक पाणी विकतात. सर म्हणाले, थांबा, जाऊ नका कोणी. सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, स्पिरिटचा दिवा पेटवला, चिनी मातीची बशी तिवईवर ठेवली आणि माझं सारं मीठ तिच्यात ओतलं. माझी बाटली रिकामी झाली.

ओलं मीठ तापवलं की काय होतं ते तुम्ही ऐकलंय? ते तडतडतं. खड्यांच्या पोटातलं पाणी बाहेर पडायला धडपडतं आणि खडे फुटतात. बशीवर झाकण ठेवावं लागलं, तरी आतून टपटप आवाज येत राहिला. सारी खोली दिव्याभोवती जमली. आई दारातून आत कधी आली कळलंही नाही. आवाज थांबेपर्यंत तापवलं, निववलं, वजन केलं. पुन्हा तापवलं, पुन्हा वजन केलं. काटा त्याच जागी. त्रेपन्न पूर्णांक एक.

"हिरा, फळ्यावर ये," सर म्हणाले.

मी गेले.  साडेअठ्ठावन्नातून त्रेपन्न पूर्णांक एक गेले, राहिले पाच पूर्णांक चार. एवढे ग्रॅम मीठ कमी. सरांनी मागून विचारलं, पाणी किती? पाच पूर्णांक चार ग्रॅम, मी म्हटलं. ग्रॅम नको, किती ग्रॅम-रेणू ते सांग. मी अठरानं भागलं. शून्य पूर्णांक तीन. बरोब्बर, बाकी शून्य. खडू माझ्या हातात तसाच राहिला. मग मी मिठाचं केलं. पाच पूर्णांक चार भागिले साडेअठ्ठावन्न. शून्य पूर्णांक तीन तर सोडाच, त्याच्या जवळपासही नाही. शून्य पूर्णांक शून्य नऊ आणि काहीतरी. मी दोन्ही आकडे एकमेकांशेजारी लिहिले आणि बघत राहिले.

आणि मला कळलं. म्हणजे तोवर जे कळलंय असं वाटत होतं, ते खरोखर कळलं. बाटलीत मिठाच्या जोड्या कमी होत्या, पाचावर बावीस शून्यं, त्याहून थोड्या जास्तच. माझ्या एका हट्टापायी एवढ्या जोड्या गहाळ. पण त्यांच्या जागी जे पाणी बसलं होतं त्याचे कण त्यांच्या सव्वातीनपट होते. बाटली साडेअठ्ठावन्न ग्रॅम भरली, पण तिच्यातली गिनती चुकली होती, आणि गंमत म्हणजे एकूण कण उलट जास्तच झाले होते. वजन एक सांगत होतं आणि संख्या दुसरंच. हे दोन्ही एकमेकांशी बांधणारा दोर म्हणजे तो भिंतीवरचा तक्ता. मी एवढ्या भरभर बोलू लागले की सरांनी मला दोनदा थांबवलं. मी चूक केली होती हे मी तेवढ्या वेळापुरतं विसरून गेले होते.

बाबा मात्र अडले होते. त्यांनी मान हलवली. मीठ गेलं तेवढंच पाणी आलं, वजन तेवढंच, मग दाणे जास्त कसे, हे त्यांना पटेना. मी पुन्हा सांगितलं, पाण्याचा कण हलका. सरांनी सांगितलं. बाबा विचार करत राहिले. त्यांनी समजल्याचं नाटक केलं असतं तर सगळं तिथेच सुटलं असतं, पण ते त्यांच्या स्वभावात नव्हतं.

तेव्हा आईनं टोपली टेबलावर ठेवली. तराजूच्या काचेच्या पेटीशेजारी. सर हं म्हणायच्या आत तिनं एक पुडकं सोडलं, त्यात जवळा होता, नखाएवढी सुकी कोळंबी. दुसरं सोडलं, त्यात बोंबील. दोन्ही बाबांपुढे सरकवली.

"शेरभर जवला नि शेरभर बोंबील," आई म्हणाली. "डोकी सारखी भरतील काय?"

बाबांनी जवळ्याकडे बघितलं, बोंबलाकडे बघितलं. बोंबील जेमतेम ओंजळभर नग. जवळा मोजायला बसलं तर दिवस मावळेल. "नाय," ते म्हणाले. मग माझी रिकामी बाटली उचलून, "म्हंजे मिठातलं बोंबील काढून तेवढ्याच वजनाचा जवला भरला हिनं."

दातार सर खुर्चीवर बसले. पुढे मला त्यांनी सांगितलं की इतकी वर्षं शिकवून त्यांना एवढं सोपं कधी मांडता आलं नव्हतं, आणि त्या वर्षापासून ते प्रत्येक वर्गाला जवळा-बोंबीलच सांगत, आणि कुठून मिळालं तेही सांगत. मीही उभी नोकरी हेच सांगून काढली. जिथे पोरांनी बोंबील पाहिलेले नसत तिथे मी घरून नेत असे, आणि त्या वर्गाला माझ्या तासाची आठवण दिवसभर येत असे.

आईला मात्र आपण काय केलं याचं काही वाटलं नाही. तिनं पुडकी बांधली, टोपली उचलली आणि एसटी चुकेल म्हणून बाबांना घाई केली. बाबा जाताना मुंबईबद्दल काही बोलले नाहीत. नव्या मिठाबद्दलही बोलले नाहीत. मी मागाहून सरांना विचारलं की त्या वाळवलेल्यात तरी सगळं मीठच आहे ना. सर हसले. म्हणाले, त्यातही थोडे कडू क्षार आहेत, पण ते पुढच्या वर्षी शिकशील. पुढच्या वर्षी म्हणजे कुठे, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ती बाटली, तेच वाळवलेलं मीठ परत भरलेली, अजून माझ्याकडे आहे. बूच बदललं, चिठ्ठी तीनदा नवी केली. पावसाळ्यात मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि बाटली जड होते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली की आकडा वर जातो. सून म्हणते की आई, तुमचं मीठ वाढलं. मी म्हणते, मीठ नाही ग वाढलं, वर पाहुणे आलेत. ऊन पडलं की तव्यावर घालते, तडतडू देते, आणि आकडा परत खाली येतो. आतल्या जोड्या तेवढ्याच. जिथे ते मीठ पिकलं त्या खाजणात आता भराव पडून मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्यात. त्याचं दुःख करत बसायचा माझा स्वभाव नाही. पण क्लासमधली पोरं तो आकडा ओरडू लागली की वाटतं, रस्ता ओलांडून जावं आणि ही बाटली त्यांच्या बाकावर ठेवावी. या वर्षी जाणार आहे. सुनेला सांगितलंय, बोंबील आणून ठेव.

त्या साली माझी परीक्षा झाली. पेपरात काय आलं होतं ते आता एक अक्षर आठवत नाही. शेवटचा पेपर देऊन मी घरी निघाले तेव्हा ऊन उतरत होतं, बांधावरून चालताना दोन्ही बाजूंना वाफे पांढरे पडले होते.  घरी गेले की उद्यापासून टोपली, हे मला दिसत होतं. बाबा जुन्या राशीपाशी होते. त्यांनी एका बाजूचं गवत सोडलं होतं आणि वरचं करडं मीठ हातानं बाजूला सारत होते. मला बघून ते थांबले नाहीत. पेपर कसा गेला ते विचारलं नाही. त्यांनी हात कोपरापर्यंत राशीत घातला आणि आतलं मीठ मूठभर बाहेर काढलं. ते बोटांमधून वाळूसारखं सुटं सांडत होतं.

"धर," बाबा म्हणाले. "म्हमईचं मीठ किती ओलं आसंल, कोन जानं."

मी पदर पुढे केला.